पन्नास हा आकडा आला कुठून? बाळाचे श्वास मोजण्याची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून अर्धा तास बसायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले पन्नासेक ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ उडवलेत. एका ठिकाणी मागून कुकरची शिट्टी वाजली होती, तीही. बाकी बरचसं जसंच्या तसं आहे.

सुरुवात एका कबुलीनं करतो.

मागच्या हिवाळ्यात मी अमरावतीहून अकोल्याला ताईकडे गेलो होतो. माझा भाचा तेव्हा आठ महिन्यांचा. दोन दिवसांपासून सर्दी, खोकला, अंगात ताप. ताई म्हणाली, “दूधही नीट पिऊन नाही रायला रे.” आता घरात एक इंजिनिअर आला म्हटल्यावर त्यानं काहीतरी यंत्र काढायलाच पाहिजे. कोविडच्या वेळी घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात होतं. नवे सेल टाकले आणि पोराच्या इवल्याशा बोटाला ते लावलं. तो हात हलवतोय, आकडा नाचतोय, ८८, ९९, ९१, आणि शेवटी ९६ वर येऊन थांबला. मी जाहीर केलं, “सॅच्युरेशन ९६ आहे. नॉर्मल. साधा व्हायरल असेल.”

ताईच्या आजेसासू खाटेवर बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो. दर्यापूर तालुक्यातल्या, जन्म कापूस वेचण्यात गेला, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, “काय पाहून रायला बाबू त्या डबीत? झबलं वर कर त्याचं. पोट पाय.”

मी झबलं वर केलं.

“लोहाराच्या भात्यावानी चालून रायलं का नाही? अन हे बरगडीखाली पाय. श्वास घेतला का आत जाते. याले डब्बा म्हनत होतो आमी. चाल, दवाखान्यात ने त्याले.”

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी काहीच केलं नाही. पोराला ताईच्या मांडीवर शांत बसू दिलं, झबलं वर करायला सांगितलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नुसते उभे राहिले. मला वाटलं, विचार करतायत. एक मिनिटानं म्हणाले, “६४. ॲडमिट करावं लागेल.” पोरगा चार दिवसांनी घरी आला, आता ठणठणीत आहे. पण ते एक मिनिट माझ्या डोक्यातून जाईना. ऑक्सिमीटर नाही, एक्स-रे नाही, स्टेथोस्कोपसुद्धा नंतर. आधी घड्याळ आणि डोळे.

६४ म्हणजे जास्त, हे त्यांना कुणी सांगितलं? म्हणजे ‘जास्त’ कुठून सुरू होतं, हे कुणी ठरवलं? आजचा भाग या एकाच प्रश्नावर आहे.

आधी माझी चूक समजून घेऊ, कारण ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असती. तिचे दोन भाग आहेत. पहिला सरळ आहे. मोठ्या माणसांच्या बोटासाठी बनवलेला चिमटा आठ महिन्यांच्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, बाळ हलतं, आणि मग जो आकडा दिसतो तो भरवशाचा नसतो. बाळांसाठी वेगळे प्रोब मिळतात, पायाला किंवा अंगठ्याला गुंडाळायचे.

दुसरा भाग मला जास्त लागला. समजा, ९६ हा आकडा खरा होता. तरी त्यावरून ‘ठीक आहे’ म्हणता आलं नसतं. आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. दिवाळीच्या सेलला वेबसाइटवर गर्दी वाढते. युजरला साइट अजून झटपट उघडतेय असंच दिसतं, कारण मागे दुप्पट-तिप्पट सर्व्हर धावतायत. तुम्ही फक्त साइट उघडायला लागणारा वेळ बघितला तर म्हणाल, सगळं छान आहे. मागचा लोड बघितला तर घाम फुटेल. फुप्फुसांचं तसंच आहे. न्यूमोनियात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये पाणी, पू भरतो. तेवढा भाग कामातून जातो आणि फुप्फुस ताठर होतं. ताठर फुगा मोठा फुगवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे शरीर सोपा मार्ग धरतं: छोटे छोटे श्वास, पण भराभर. रक्तातला ऑक्सिजन काही काळ टिकून राहतो तो या धावपळीमुळेच. ऑक्सिजनचा आकडा पडतो तेव्हा ही धावपळही पुरेनाशी झालेली असते. म्हणजे मी निकाल बघत होतो आणि आजी लोड बघत होत्या.

बरगड्यांचंही तेच. लहान बाळाचा पिंजरा मऊ असतो. ताठर फुप्फुसात हवा ओढताना आतून इतका जोर लागतो की छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत खेचला जातो. श्वास घेताना छाती बाहेर यायला हवी आणि इथे ती आत जाते. एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

[ऑडिओमध्ये इथे एक मिनिट शांतता आहे. वाचणाऱ्यांनी फोनवर ६० सेकंदांचा टायमर लावा आणि शेजारी बसलेल्या माणसाचे श्वास मोजा. त्याला सांगू नका. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो.]

किती आले? मोठं माणूस शांत बसलं असेल तर साधारण १२ ते २०. आता खरं सांगा, मधेच लक्ष उडालं की नाही? तेराव्यावर होतो की चौदाव्यावर, असं झालं की नाही? मला तर पहिल्या वेळी दोनदा सुरुवात करावी लागली. आणि तो माणूस सोफ्यावर रील बघत बसलेला होता, तापानं कण्हणारं, हातपाय झाडणारं बाळ नव्हतं. ही अडचण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आकड्याकडे येऊ. १९७०–८० च्या दशकांत जगभर लहान मुलांना मारणाऱ्या आजारांमध्ये न्यूमोनिया अगदी वरच्या नंबरावर होता. औषध होतं आणि ते स्वस्त होतं. नव्हतं ते निदान. एक्स-रे मशीन जिल्ह्याच्या गावाला, डॉक्टर तालुक्याला, आणि मुलं मरत होती पाड्यांवर. खोकणाऱ्या प्रत्येक पोराला प्रतिजैविक देता येत नाही, कारण खोकला तर सगळ्यांनाच असतो. मग शंभर खोकणाऱ्या पोरांमधून न्यूमोनियावाली पोरं ओळखायची कशी, आणि तीही अशा माणसानं, ज्याच्याकडे काहीच यंत्र नाही?

पापुआ न्यू गिनी हा ऑस्ट्रेलियाच्या वरचा डोंगराळ देश. तिथल्या गोरोका गावात फ्रँक शान नावाचे बालरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांनी खोकणारी मुलं तपासली, त्यांचे श्वास मोजले आणि ते स्टेथोस्कोपनं ऐकू येणाऱ्या आवाजाशी ताडून पाहिले. न्यूमोनियात छातीत बारीक कुरकुर ऐकू येते. ती ओळखायला कान तयार व्हावा लागतो, त्याला वर्षं जातात. शान यांना दिसलं की मिनिटाला पन्नासच्या वर श्वास ही खूण त्या कुरकुरीच्या जागी बऱ्यापैकी चालते. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये त्यांच्या कामाचा लेख आला. पन्नास हा आकडा पुढे आला तो असा.

पण पन्नास सगळ्यांना चालेना. बाळ मोठं होतं तसे त्याचे श्वास मुळातच कमी होत जातात. दीड वर्षाच्या पोराचे ४५ झाले तर ते त्याच्यासाठी खूप जास्त, तरी पन्नासच्या नियमातून ते निसटणार. ही दुरुस्ती आपल्या देशातून आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या थॉमस चेरियन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यांनी दाखवलं की एक वर्षाच्या आतल्या बाळांना ५० ठीक, पण त्यावरच्या मुलांना ४० धरायला हवेत. आज जगभर चालणारा नियम असा आहे: दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. प्रोग्रामिंग येणाऱ्यांना दिसेल की हे फक्त तीन ‘इफ’ आहेत. हे तीन ‘इफ’ किती मुलांच्या छातीकडे बघून लिहिले गेलेत, याचा मात्र मी कधी विचारच केला नव्हता.

इथे एक गोष्ट खुलं बोलायला हवी. हा आकडा म्हणजे निसर्गानं आखलेली रेघ नाही. पन्नासला न्यूमोनिया आणि एकोणपन्नासला सर्दी, असं काही नसतं. रेघ खाली ओढली तर आजारी मुलं कमी सुटतात, पण साध्या सर्दीवाल्यांनाही औषध जातं. वर ओढली तर औषध वाचतं, पण एखादं खरं आजारी पोर ‘घरी जा’ ऐकून परत जातं. पहिल्या चुकीची किंमत पाच दिवसांचं गोड सिरप, आणि सगळीकडे तसंच होत राहिलं तर औषधाला दाद न देणारे जंतू. दुसऱ्या चुकीची किंमत पोर. म्हणून रेघ मुद्दाम थोडी सावध बाजूला ओढलीय.

किती सावध, याचाही अभ्यास झालाय. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे ४ हजार मुलांवर एक चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये छापून आले. ज्यांचे श्वास फक्त भराभर होते, बरगड्या ओढल्या जात नव्हत्या, अशी ही मुलं. अर्ध्यांना अमॉक्सिसिलिन, अर्ध्यांना औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं पातळ. औषध न मिळालेल्यांपैकी ४.९ टक्के मुलांचा आजार आटोक्यात आला नाही, औषध मिळालेल्यांपैकी २.६ टक्के. या आकड्यांचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. औषधाशिवायही शंभरातली पंचाण्णव मुलं बरी झालीच. आणि तरीही औषधानं शंभरामागे दोनेक मुलांचा धोका टळला. ती दोन कोणती, हे आधी ओळखायचं साधन अजून कुणाकडे नाही. माझ्या मते तोपर्यंत सगळ्यांना औषध देणं बरोबर आहे, पण हे मी मामा म्हणून बोलतोय. डॉक्टरांमध्ये यावर वाद चालू आहेत.

आता आपल्या विदर्भात येऊ. माझ्या दृष्टीनं सगळ्यात भारी काम इथे झालंय, आणि ते अमरावतीत वाढून मला माहीत नव्हतं याची जरा लाजच वाटते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दारूबंदीसाठी आणि नवजात बाळांच्या कामासाठी त्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्या आधी, १९८८ च्या सुमारास, त्यांनी न्यूमोनियाचा प्रश्न हातात घेतला. गावातच निदान, गावातच औषध. निदान करणार कोण? तर आरोग्य कर्मचारी, गावातले शिकलेले तरुण, आणि बाळंतपणं करणाऱ्या दाया. दाया घराघरात जायच्या, आयांचा त्यांच्यावर विश्वास होता. अडचण एकच होती. बऱ्याच दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि घड्याळ वाचता येत नव्हतं.

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे दायांना आकडे शिकवायचे. दुसरा म्हणजे ‘यांना जमणार नाही’ म्हणून सोडून द्यायचं. त्यांनी तिसरा काढला: मोजायचं यंत्रच बदललं. ब्रेथ काउंटर नावाची एक साधी पट्टी बनवली. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची एक ओळ, मोठ्या बाळासाठी दुसरी. वाळूचं घड्याळ उलटं करायचं. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा मणी आला, तर न्यूमोनिया. बस्स.

मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून पाच मिनिटं गच्चीवर फिरत होतो. बघा त्यात काय काय आहे. दाईला फक्त दहापर्यंत मोजायचंय. पन्नास आणि साठ हे आकडे तिला माहीत असायची गरजच नाही, ते मण्यांच्या ओळीत बसवलेत. घड्याळ वाचायचं नाही, वाळू संपली की नाही एवढंच बघायचं. मधे बाळ रडलं, लक्ष उडालं, तर जास्तीत जास्त चालू दहाचा गोंधळ होईल. आधीचे मणी जागेवर आहेत, हिशेब जात नाही. आमच्या भाषेत याला स्टेट सेव्ह करणं म्हणतात, आणि त्यासाठी आम्ही सर्व्हरचं भाडं भरतो. १९९२ मध्ये या पट्टीवर त्यांचा लेखही एका भारतीय बालरोग नियतकालिकात आला.

आणि कामाचा परिणाम? १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या चाचणीचे आकडे छापून आले. ५८ गावांमध्ये हे काम केलं होतं आणि तुलनेसाठी शेजारची ४४ गावं घेतली होती. कार्यकर्त्यांनी आणि दायांनी न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर उपचार केले. त्यात मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांमध्ये ते १३.५ टक्के होतं. एका वर्षानंतर न्यूमोनियानं होणारे मृत्यू, पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे, कामाच्या गावांत ८.१ आणि शेजारी १७.५. एक मूल वाचवायला लागलेल्या औषधाचा खर्च, त्या वेळच्या हिशेबानं, तीन डॉलरच्याही आत.

हे वाचून मी ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “मग आजीले तं मनीही नाही लागले.” बरोबर आहे तिचं. पण आजींना जे जमतं ते आजींबरोबर जाणार. मण्यांची पट्टी कुणालाही देता येते, आणि तिनं किती वेळा बरोबर सांगितलं, किती वेळा चूक, हे तपासता येतं. आजींच्या नजरेचा असा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्या दिवशी त्या बरोबर होत्या एवढंच मला माहीत आहे.

आणि नजर बरोबर असून पुढचं चुकलं तर काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यात दिसतं. फेब्रुवारी २०२५ मधली बातमी तुम्ही वाचली असेल. मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या एका गावात, २२ दिवसांच्या बाळाला श्वासाचा त्रास होता म्हणून पोटावर तापलेल्या विळ्यानं ६५ चटके दिले. याला तिकडे डम्मा म्हणतात. बातमी आली की दोन दिवस सगळे संतापतात, ‘अडाणी लोक’ म्हणतात आणि पुढचं रील बघतात. मीही तेच केलं होतं. आता वेगळं वाटतं. चटका पोटावरच का? कारण श्वास लागलेल्या बाळाचं उडताना दिसतं ते पोट. म्हणजे त्या घरातल्या माणसांनीही नेमकं तेच पाहिलं, जे आजींनी पाहिलं आणि जे डॉक्टर घड्याळ घेऊन मोजतात. खूण त्यांना अचूक दिसली होती. पण तिथून दवाखाना, रस्ता, गाडी, भाषा समजणारं माणूस, हे सगळं किती लांब होतं याचा विचार करा. अमरावतीहून धारणीचा घाट ज्यांनी रात्री चढलाय त्यांना मी वेगळं सांगायला नको. याच भागात डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ संस्था धारणीजवळ उतावलीला वर्षानुवर्षं काम करतेय, गावातल्याच बायकांना शिकवून, बाळांच्या न्यूमोनियावरही. म्हणजे गडचिरोलीतली कल्पना इथे परकी नाही.

सरकारी पातळीवर आज आशाताई हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा वेळा, घरी झालं तर सात वेळा त्यांनी बाळ बघायला यायचं असतं, आणि त्यात श्वास मोजणं आहे. २०१९ पासून न्यूमोनियासाठी ‘सांस’ नावाची देशव्यापी मोहीम चालते, १२ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी. म्हणजे बरोबर आपल्याकडे कापूस घरात येतो आणि गोधड्या बाहेर निघतात त्या दिवसांत. आशाताईंनी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस देऊन पुढे पाठवायचं, अशी सोय त्यात आहे. शिवाय न्यूमोकोकल लस आता सरकारी लसीकरणात फुकट मिळते. घरात लहान बाळ असेल तर कार्डवर पीसीव्हीचे खाने भरलेत का, तेवढं आजच बघा.

आता तुमचा प्रश्न येणारच, मागच्या भागावर तीन जणांनी विचारलाच होता: “दादा, यासाठी ॲप नाही का?”

आहे. आरआरेट नावाचं एक ॲप कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं बनवलं. बाळाच्या प्रत्येक श्वासाला स्क्रीनवर टॅप करायचं. ते टॅपमधलं अंतर मोजतं आणि काही सेकंदांत मिनिटाचा आकडा सांगतं. स्क्रीनवर एक बाळही त्याच तालात श्वास घेताना दिसतं, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येतं. कल्पना सुंदर आहे. फक्त एक लक्षात ठेवा: तान्ही बाळं एका लयीत श्वास घेत नाहीत. भराभर पाच-सहा घेतील, मग क्षणभर थांबतील, पुन्हा सुरू. थोड्या सेकंदांवरून मिनिटाचा अंदाज बांधला तर तो फसू शकतो. फिलिप्स कंपनीनं बाळाच्या पोटावर पट्ट्यानं बांधायचं यंत्रही काढलं, जे स्वतःच हालचाल मोजतं.

अशी यंत्रं तपासताना संशोधकांना जी अडचण आली ती मला फार ओळखीची वाटली. यंत्र ५२ म्हणालं आणि नर्स ४७ म्हणाली, तर बरोबर कोण? मग व्हिडिओ काढून तज्ज्ञांना दाखवले, तर दोन तज्ज्ञांचे आकडेही एक येईनात. ज्याच्याशी ताडून बघायचं तोच आकडा डळमळीत असेल तर यंत्राला पास-नापास करणार कशावर? मशीन लर्निंग करणाऱ्यांनो, लेबलच चुकीचं असलेला डेटा आठवा. छातीचा एक्स-रेसुद्धा यातून सुटलेला नाही. एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडतं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला तो वाचायचे ठरावीक नियम करावे लागले.

ऑक्सिमीटरबद्दलही अर्धं राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असताना ऑक्सिमीटर ‘ठीक’ दाखवतं, असं काळ्या रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. यंत्र त्वचेतून प्रकाश टाकून मोजतं, आणि त्वचेचा रंग त्यात आडवा येतो. आपल्या वऱ्हाडच्या उन्हात रापलेल्या बोटांना याचा काही संबंध नाही, असं मला तरी म्हणवत नाही. म्हणून यंत्र फेकून द्या असं नाही. दवाखान्यात योग्य प्रोबनं घेतलेला ९० च्या खालचा आकडा बाळासाठी गंभीरच असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. फक्त चांगला आकडा आला म्हणून पोटाकडे बघायचं सोडू नका.

मोजायचं कसं, ते डॉक्टरांकडून नीट विचारून घेतलं, तसंच सांगतो. बाळ शांत हवं, झोपलेलं किंवा मांडीवर. रडताना, दूध पिताना मोजायचं नाही. ताप खूप असेल तर श्वास तसेही वाढतात, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं, पण बाळ मलूल असेल तर त्यासाठी थांबून राहायचं नाही. कपडा वर करायचा, उजेड हवा. पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं की एक. आणि पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची हुशारी करू नका. मी कागदावर करून बघितलं: त्या पद्धतीत आकडा ४८ येतो किंवा ५२ येतो, मधला येतच नाही. म्हणजे एका श्वासाची चूक झाली की बाळ थेट रेघेच्या या बाजूचं त्या बाजूला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त आले तर लगेच दुसऱ्यांदा मोजायचे. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर घरी काही न करता सरळ दवाखाना.

आणि आकडा काहीही येवो, बाळ दूध घेत नसेल, सगळं ओकत असेल, झटके आले असतील, उठवलं तरी नीट जागं होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचं नाही. १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी.

परवा ताईनं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. भाच्याला पुन्हा सर्दी झालीय. आता तो सव्वा वर्षाचा आहे, म्हणजे रेघ चाळीसची. झोपलेला, झबलं वर केलेलं, वर ट्यूबलाइटचा उजेड, मागे पंख्याचा आवाज. मी दोनदा मोजले. एकदा ३१, एकदा ३२. तसं कळवलं, तर व्हिडिओ कॉल आला आणि मागून आजींचा आवाज: “किती आले म्हनते तो?” ताईनं सांगितलं. आजी म्हणाल्या, “मले तं पोट पाहूनच समजलं. पन मोज म्हनाव त्याले संध्याकाळी अजून एकडाव.”

संध्याकाळी ३० आले.